लॉगबुक उघड आणि समोर बस

मोबाइल आधी बाजूला ठेव. तलावावर नवी पोरं यायला अजून तासभर आहे, तेवढ्यात मला तुझ्याशी बोलायचंय.

काल रात्री पाठवलेला तुझा कोकोसच्या सफरीचा तक्ता मी दोनदा बघितला. विमानाचं तिकीट, बोटीचं भाडं, उद्यानाची फी, नायट्रॉक्स, टिप असं सगळं मांडून त्या बेरजेला तू २० ने भागलंस आणि खाली मला विचारलंस, "सर, एका डाइव्हला एवढे पडतात, वसूल होतील का?" हे कधी विचारलंस? आगाऊ रक्कम भरून झाल्यावर. भरायच्या आधी एक फोन करायला तुला कोणी अडवलं होतं? त्यात बर्थ दोन. एक तुझा, एक धाकट्या बहिणीचा. ही गोष्ट तू मला सांगितली नाहीस. तिने सांगितली, आणि तीही घाबरत घाबरत.

आता मी बोलणार आहे. तू ऐकायचंस.

कोकोस बेट कोस्टा रिकाच्या किनाऱ्यापासून सुमारे ५५० किलोमीटर आत, भर प्रशांत महासागरात आहे. विमानतळ नाही, हॉटेल नाही, गाव नाही. उद्यानाचे रखवालदार राहतात, तेवढीच काय ती वस्ती. पुंतारेनास बंदरातून बोट सुटली की बेट दिसेपर्यंत ३० ते ३६ तास ती चालतच राहते. तुझ्या तक्त्यात या ३६ तासांना एकच शब्द आहे, 'ट्रान्सफर'. मुरुडेश्वरहून नेत्राणीला जायला किती वेळ लागला होता, आठवतंय? दीड तास. त्या दीड तासात तुला बोट लागली. पहिली डाइव्ह तू सोडलीस, दुसरी पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने केलीस आणि परत येताना बोटीच्या फळीवर आडवा पडून होतास. मी तुझ्या डोक्याशी बसलो होतो. अवोमिन घेईन म्हणशील. पण त्या गोळीने झोप येते आणि पेंगुळलेल्या डोक्याने ३० मीटर खाली जायचं नसतं. आपल्याला कुठली गोळी मानवते हे डॉक्टरांना विचारून, घरी, सुट्टीच्या दिवशी बघायचं असतं. भर समुद्रात पहिल्यांदा नव्हे.

तू जुलै निवडलास. कारण कुठेतरी वाचलंस की तेव्हा हॅमरहेड शार्कचे कळप मोठे असतात. खरं आहे ते. मे ते नोव्हेंबर हे तिथले पावसाचे महिने आणि कळप त्याच दिवसांत जास्त दिसतात. समुद्रही त्याच दिवसांत जास्त उसळतो. हा अर्धा भाग तू वाचलाच नाहीस. आणि एल निनोचं वर्ष निघालं, वरचं पाणी तापलं, तर तेच शार्क आणखी खोल, गार पाण्यात उतरतात, तुझ्या आवाक्याबाहेर.

तुझ्या भागाकारात पैसे आहेत, वेळ नाही. तो मी घालतो. दहा दिवसांच्या सफरीतले तीन दिवस जाण्यायेण्यात जातात. उरले सात. दिवसाला तीन डाइव्ह धरल्या तर २१ होतात, एखादी सुटतेच, म्हणून तुझा वीसचा आकडा ठीक आहे. पुण्याहून सान होसेला पोचायला विमानं बदलत बदलत दोन दिवस. घड्याळ साडेअकरा तास मागे गेलेलं, शरीर सुकलेलं, तेव्हा बोटीवर चढण्याआधी एक दिवस विश्रांती हवीच. परतीला पुन्हा दोन दिवस. झाले पंधरा. आणि वीस डाइव्ह ४५ मिनिटांच्या धरल्या तर पाण्याखालचे तास किती? पंधरा. पंधरा दिवसांची रजा आणि पंधरा तास पाण्याखाली. हा हिशेब ज्याला पटतो त्याने खुशाल जावं. माझे काही विद्यार्थी गेलेत, आणि परत आल्यावर त्यांच्यापैकी एकानेही माझ्याजवळ पैशांबद्दल चकार शब्द काढला नाही.

पण तुझे पंधरा तास भरणार नाहीत. का, ते तुझंच लॉगबुक सांगेल. उघड.

एकतीस नोंदी. शेवटची गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली. सतराव्या डाइव्हपासून पुढे हवेचा रकाना कोरा. कमरेला किती वजन लावलं ते नाही, पाणी कसं होतं ते नाही, बरोबर कोण होतं ते नाही. माशांची नावं मात्र उद्गारचिन्हांसकट आहेत. सव्विसावी नोंद मी समोर बसून लिहून घेतली होती, म्हणून ती पूर्ण आहे. वाच. अंदमानातलं हॅवलॉक. जास्तीत जास्त खोली १८ मीटर, सरासरी १५. २०० बारवर उतरलास, अठ्ठाविसाव्या मिनिटाला ५० बारवर आलास. टाकी ११ लिटरची. म्हणजे १५० बार गुणिले ११, साडेसोळाशे लिटर हवा तू २८ मिनिटांत ओढलीस. १५ मीटरवर दाब अडीच पट असतो. दे भाग. पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला साडेतेवीस लिटर. सरावलेला माणूस चौदा-पंधरा लिटरमध्ये भागवतो. आता हाच श्वास ३० मीटरवर ने. तिथे दाब चौपट. साडेसतरा मिनिटांत तुझा काटा पन्नासवर येतो. यात अजून वर येण्याची हवा धरलेली नाही, आणि पाण्याच्या ओढीविरुद्ध पाय मारावे लागले तर हे साडेसतराही राहत नाहीत.

नायट्रॉक्सचे पैसे भरलेस ना? कशासाठी? नायट्रॉक्समुळे अंगात नायट्रोजन कमी मुरतो, म्हणून खाली राहायची मुभा वाढते. ३० मीटरवर साध्या हवेने डाइव्हचा तक्ता २० मिनिटं देतो, ३२ टक्के प्राणवायूच्या नायट्रॉक्सने त्याच्या दीडपट मिळतात. टाकी त्याने मोठी होत नाही. तुझी टाकी साडेसतराव्या मिनिटाला रिकामी होणार असेल तर तीस मिनिटांची मुभा घेऊन तू करणार काय? वर त्या ३२ टक्क्यांना ३४ मीटरच्या खाली जायचं नाही. तोल सुटून खाली घसरलास तर प्राणवायूच विषारी ठरतो. हे तुला शिकवलं होतं. परीक्षेत बरोबर लिहिलंही होतंस.

मी कोकोसला गेलो तेव्हा माझ्या चारशेच्या वर डाइव्ह झाल्या होत्या. तरी पहिल्या दिवशी गाइडने मला खडसावलं, कारण मी फार हलत होतो. तिथे बाहो आल्सियोने नावाचा बुडालेला डोंगर आहे, समुद्रसंशोधक कुस्तोच्या बोटीवरून नाव पडलेला. त्याचा माथाच पंचवीसेक मीटरवर आहे. दोरीला धरून उतरायचं. पाण्याची ओढ अशी की दोरीवर तुम्ही निशाणासारखे आडवे होता. खाली गेलं की कातळाच्या खाचेत बसायचं, हातमोजे घातलेल्या हातांनी बार्नॅकलने भरलेला दगड धरायचा आणि गप्प राहायचं. हॅमरहेड दिवसा अशा डोंगरांभोवती घोटाळतात आणि रात्री दूर खोल पाण्यात शिकारीला जातात. डोंगराजवळ बार्बरफिश नावाचे पिवळसर मासे त्यांच्या अंगावरचे किडे टिपून खातात. सफाई करून घ्यायला एकेक शार्क कळपातून सुटून खाली येतो, अंग कलतं करतो आणि जवळजवळ थांबतो. इतका जवळ की डोक्याच्या टोकावरचा डोळा फिरलेला दिसतो. वर बघितलं तर करड्या उजेडात तीच आकृती, पुन्हा तीच, पुन्हा तीच, मोजता येत नाहीत इतक्या, आवाज न करता वरून सरकत असतात. मी लहानपणापासून मालवणच्या बाजारात मोरी, म्हणजे शार्कच, बघत आलो, टोपलीत, कापलेली. त्याच घराण्यातला जिवंत प्राणी असा दिसतो हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं.

आणि हे शार्क बुजरे आहेत, रे. बुडबुड्यांच्या आवाजाला बुजतात. कोणी धापा टाकू लागला, हात मारू लागला, कॅमेरा पुढे करून अंगावर गेला की आलेला शार्क वळतो आणि त्याच्यामागे कळप वळतो. तू ज्यासाठी लाखो रुपये मोजतोयस ते बघायला मिळणं तुझ्या श्वासावर ठरणार आहे. आजच्या तुझ्या श्वासाने ते तुला दिसणार नाहीत आणि शेजारच्या खाचेत बसलेल्या माणसालाही दिसणार नाहीत. त्यानेही तेवढेच पैसे भरलेत. कदाचित त्याने दहा वर्षं साठवलेत. तुझी हवा संपली की तुझ्या जोडीदाराला तुझ्याबरोबर वर यावं लागेल, त्याच्याकडे शंभर बार शिल्लक असले तरी. त्याची डाइव्ह संपवायचा अधिकार तुला कोणी दिला?

तू लॉगबुकाला वही समजतोस, म्हणून आणखी एक सांगतो. कोकोसला नेणाऱ्या एका बोटीचे गाइड १९९३ पासून प्रत्येक डाइव्हनंतर काय दिसलं, किती दिसलं ते लिहीत आले. एकवीस वर्षांत २७ हजारांहून जास्त डाइव्हच्या नोंदी झाल्या. शास्त्रज्ञांनी त्या तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा जगाला समजलं की तिथले हॅमरहेड ४५ टक्क्यांनी घटलेत. संरक्षित बेटावर, १९९७ पासून जागतिक वारसा असलेल्या ठिकाणी. हा प्राणी आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्या गाइडांनी दमलेल्या अंगाने, ओल्या हातांनी, रोज तीनदा लिहिलं. तुला महिन्यातून एकदा एक रकाना भरवत नाही.

बोटीबद्दल तू काय विचारलंस? तुझी पत्रं वाचली मी. वायफाय चालतं का आणि शाकाहारी जेवण मिळतं का. दोन्ही विचार, काही वाईट नाही. पण २ सप्टेंबर २०१९ ची पहाट माहीत करून घे. कॅलिफोर्नियात सांताक्रूझ बेटाजवळ 'कन्सेप्शन' नावाची डाइव्हिंगची बोट नांगरून उभी होती. खालच्या मजल्यावर झोपलेले ३४ जण आगीत गेले, ३३ प्रवासी आणि एक कर्मचारी. खालून वर यायला जिना होता आणि संकटकाळी निघायची एक झडपही होती. दोन्ही वाटा वरच्या एकाच खोलीत उघडत होत्या, आणि तीच खोली पेटलेली होती. रात्री गस्त घालणारा माणूस ठेवलेला नव्हता. कप्तानाला २०२४ मध्ये चार वर्षांची कैद झाली. तेव्हा विचारायचं ते हे: रात्रभर जागं कोण असतं? बॅटऱ्या कुठे चार्ज करतात, आणि तिथे कोणाची नजर असते? माझ्या केबिनमधून बाहेर पडायच्या दोन वाटा कुठे निघतात? उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर ती बोट आपली नाही. आपल्याकडचा अडाणी तांडेलसुद्धा दुसऱ्याच्या होडीत पाय टाकण्याआधी तिचा तळ बघतो.

विम्याचं काय केलंस? ऑफिसचा आहे म्हणालास. त्यातली बारीक अक्षरं वाच. प्रवासाच्या साध्या विम्यात स्कूबा बहुतेक वेळा नसतंच, असलं तर खोलीची मर्यादा असते. अंगात मुरलेल्या नायट्रोजनने तुझे सांधे दुखायला लागले, हात बधिर झाला, तर दाबाखाली ठेवून उपचार करणारं चेंबर मुख्य भूमीवर आहे. बेटावर विमान उतरत नाही. बोट फिरवायची आणि पुन्हा ते ३० ते ३६ तास, तुला प्राणवायू लावून. बाकी सगळ्यांची सफर तिथेच संपली.

काही वर्षांपूर्वी मालदीवमध्ये मी एका बोटीवर होतो. तुझ्याच वयाचा एक मुलगा, चाळीसेक डाइव्ह झालेला, खाडीच्या तोंडाशी पाण्याच्या ओढीत गटापासून सुटला. वर आला तेव्हा बोट दुसऱ्या बाजूला. आम्ही पन्नास मिनिटं त्याला शोधत होतो. लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढंही दिसत नाही. सापडला तेव्हा त्याच्या खिशात खुणेचा नारिंगी फुगा होता, दुकानातून आणला तसा, घडी न मोडलेला. खालून तो कसा फुगवून वर सोडायचा हे त्याने कधी करून बघितलंच नव्हतं. तो वाचला, पण त्याच्या आईला फोन करून काय सांगायचं याचे शब्द मी त्या पन्नास मिनिटांत जुळवत होतो. ते शब्द अजून विसरलेलो नाही. तुझ्या पिशवीत तसाच फुगा आहे. मघाशी मी बघितला. त्याला किमतीची चिठ्ठीसुद्धा लटकतेय.

आता बहिणीचं. तिच्या प्रमाणपत्रावर १८ मीटर लिहिलंय. अशा सफरींना साधारणपणे ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्र आणि पन्नासेक डाइव्ह मागतात. तू अर्ज भरताना तिच्या किती लिहिल्यास, हे मला सांगू नकोस, मला ऐकवणार नाही. तिचे कान हळू मोकळे होतात. चार मीटरवर दोरी धरून ती पाच मिनिटं थांबते आणि मग नीट उतरते. तिच्यात काही कमी नाही, ती तुझ्यापेक्षा शांत आहे, तुझ्यापेक्षा कमी हवा घेते. पण जिथे होडीतून उलटं पडल्याबरोबर खाली निघावं लागतं, तिथे तिला ती पाच मिनिटं कोण देणार? घाईत कानाचा पडदा फाटला तर जन्माचं नुकसानही होऊ शकतं. मला ती काय म्हणाली माहीत आहे? "दादाने एवढे पैसे भरलेत, नाही कसं म्हणू?" लाज वाटू दे. आईने तिला तुझ्या भरवशावर पाठवलं असतं, आणि तू तिला विचारलंसुद्धा नाहीस की तुला यायचंय का.

वसूल होतील का, याचं उत्तर ऐक. यंदा नाही. एक रुपयाही नाही. बेट जागेवर आहे आणि कोस्टा रिकाने २०२१ मध्ये त्याच्याभोवतीचं राखीव पाणी कितीतरी पटींनी वाढवलंय. दोन-तीन वर्षांनी तू गेलास तर काही बिघडत नाही. आज संध्याकाळी त्यांना पत्र लिही, बहिणीचा बर्थ रद्द कर आणि तुझा पुढच्या हंगामात सरकवता येतो का विचार. सरकवला नाही तर आगाऊ रक्कम सोडून दे. मला ठाऊक आहे ती किती आहे, आणि तुझ्या घरचे हप्तेही ठाऊक आहेत. तरीही सोड. बुडलेल्या पैशामागे कोणी पाण्यात उडी मारत नाही.

मग काय करायचं ते सांगतो. मे संपेपर्यंत समुद्र आपला आहे, पुढे नारळी पौर्णिमेपर्यंत तो कोणाचाच नाही. मे संपेपर्यंत महिन्यातून दोनदा मालवणला यायचं. किल्ल्याजवळ आठ मीटर पाणी आहे आणि चार हातांपलीकडे दिसत नाही. तू नाक मुरडतोस त्या पाण्याला. पण जो तिथे जोडीदाराला न हरवता, तळाची माती न ढवळता चाळीस मिनिटं राहतो, तो कुठेही राहतो. प्रत्येक वेळी हवेचा आकडा लिहायचा. साडेतेवीसचे अठरा झाले की मला दाखव. मग पुढच्या थंडीत मालदीवची एक आठवड्याची बोट घे. मुंबईहून विमानाने तीनेक तास. रात्री बोट प्रवाळाच्या कड्याआड शांत पाण्यात नांगरते, चेंबर जवळ आहे, आणि खाडीच्या तोंडाशी पाण्याची ओढ अशी मिळते की तू खरोखर शिकशील. फक्त तिथून निघताना शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास विमानात चढायचं नाही. रास्धू बेटांजवळ पहाटे लवकर उतरलास तर खोल निळ्या पाण्यात हॅमरहेडही दिसू शकतात, नशीब असेल तर. लॉगबुकात ऐंशी-नव्वद नोंदी झाल्या, त्या पूर्ण भरलेल्या असल्या, की कोकोसचा अर्ज मीच तुझ्याबरोबर बसून भरीन. बर्थ दोन घेऊ. दुसरा माझा.

शुक्रवारी रात्रीची गाडी पकड. शनिवारी सकाळी साडेसहाला जेटीवर. तो नारिंगी फुगा आण, चिठ्ठी काढून. कॅमेरा घरी राहू दे. आणि बहिणीला आज स्वतः फोन कर, मी सांगितलं म्हणून नको, आणि तिला यायचंय का ते विचार. हो म्हणाली तर तिलाही घेऊन ये. पहिली डाइव्ह तिची. कान मोकळे व्हायला तिला लागेल तेवढा वेळ आपण दोरीवर थांबू.